ड्रायव्हर बसत नाही, ॲन्टीव्हायरस थांबवला तरी नाही. अडवतंय कोण?

स्वरलेखा

नमस्कार. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करण्याचं काम मी काही वर्षं करते आहे. मायक्रोफोन एका यूएसबी ऑडिओ इंटरफेसला जोडलेला असतो. जुना संगणक बंद पडला म्हणून विंडोज ११चा नवा लॅपटॉप घेतला आणि तिथेच सगळं अडलं.

इंटरफेसच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर, म्हणजे उपकरण विंडोजशी जोडून देणारा प्रोग्रॅम, उतरवून घेतला. सेटअप सुरू होतो, हिरवी पट्टी पाऊण भागापर्यंत जाते, मग मागे येते आणि ‘इन्स्टॉलेशन अयशस्वी’ असं दिसतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण आणि कोड २८. लॅपटॉपमध्ये एक ॲन्टीव्हायरस आधीपासून होता. घड्याळाजवळच्या त्याच्या चिन्हावरून तो पंधरा मिनिटं थांबवला आणि पुन्हा प्रयत्न केला. तेच. यूएसबीचं भोक बदललं, वायर बदलली. तेच.

परीक्षा तोंडावर आहे आणि दोन प्रकरणं वाचायची राहिली आहेत. मला संगणकातलं फार कळत नाही, पण सांगाल ते पायरीपायरीने करून बघेन.

कळफलक

ताई, कोड २८ दिलात हे फार चांगलं केलंत. बहुतेक जण नुसतं ‘चालत नाही’ एवढंच लिहितात.

कोड २८ म्हणजे या उपकरणासाठी विंडोजकडे ड्रायव्हरच नाही. बसला आणि मग बिघडला, असं झालेलं नाही. तो आतपर्यंत पोचलेलाच नाही. ड्रायव्हरवरच्या डिजिटल सहीची पडताळणी झाली नसती तर कोड ५२ दिसला असता. ड्रायव्हर बसून मेमरीत चढला नसता तर ३९. चढूनही उपकरण सुरू झालं नसतं तर १०. विंडोजने स्वतः ‘हा त्रासदायक म्हणून माहीत आहे’ असं म्हणून रोखला असता तर ४८. म्हणजे अडथळा पहिल्याच दारात आहे, फायली जागेवर पोचण्याच्या आधी.

ॲन्टीव्हायरस ‘थांबवणे’ याचा अर्थ आपल्याला वाटतो तेवढा मोठा नसतो. त्या बटणाने बहुतेक वेळा फक्त फाइल तपासणी थांबते. रॅन्समवेअरपासून (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमपासून) संरक्षण, संशयास्पद वर्तनावरची नजर आणि ॲन्टीव्हायरसचं स्वतःचं संरक्षण यांची बटणं वेगळी असतात. शिवाय फायलींच्या ये-जा मार्गावर बसलेला त्याचा फिल्टर ड्रायव्हर मेमरीत तसाच राहतो. त्यामुळे ‘बंद केला तरी झालं नाही, म्हणजे दोष त्याचा नाही’ असा निष्कर्ष काढू नका.

ॲन्टीव्हायरस उघडून इतिहास आणि क्वारंटाइन (पकडलेल्या फायली अलग ठेवतात ती जागा) या दोन जागा बघा. सेटअप चालवला त्या वेळेची एखादी नोंद आहे का?

झटपट

एवढं कशाला? ॲन्टीव्हायरस काढून टाका. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंग्जमध्ये, जाऊन सिक्युअर बूट (सुरू होताना सह्या तपासणारी सोय) बंद करा. मग शिफ्ट दाबून रिस्टार्ट, स्टार्टअप सेटिंग्जमध्ये ७ नंबर, म्हणजे सहीची तपासणी बंद. मी नेहमी असंच करतो, दहा मिनिटांत मोकळा.

रात्रपाळी

झटपट, राग मानू नका, पण ज्यांना संगणकातलं फार कळत नाही असं त्यांनी स्वतःच सांगितलं आहे, त्यांना हा सल्ला देऊ नये. दुरुस्तीच्या कामात याचे परिणाम मी पाहिले आहेत.

सात नंबरचा पर्याय पुढच्या रिस्टार्टपर्यंतच टिकतो. विनासहीचा ड्रायव्हर आज बसेल, उद्या सकाळी लॅपटॉप सुरू केला की पुन्हा पिवळा त्रिकोण. सिक्युअर बूट बदलल्यावर बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय, ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतो. ती कुठे आहे हे ठाऊक नसेल तर ड्रायव्हर राहिला बाजूला, सगळी ध्वनिमुद्रणं कुलूपबंद होतील. स्वरलेखाताई, बायोसला हात लावायची वेळ आलीच तर आधी ती की मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे का बघून कागदावर उतरवून ठेवा. मला वाटतं ती वेळ येणार नाही.

आणि मुख्य म्हणजे, तुमच्या बाबतीत सहीचा प्रश्न आहे असं कुठेच दिसत नाही. कोड ५२ नाही. मग सहीची तपासणी बंद करून काय मिळणार?

ही तपासणी कुणाला छळायला आणलेली नाही. ड्रायव्हर कर्नलमध्ये चालतो, म्हणजे संगणकाच्या सगळ्यात आतल्या खोलीत. तिथे शिरलेल्याला ॲन्टीव्हायरसही अडवू शकत नाही. म्हणूनच ६४ बिट व्हिस्टापासून कर्नल ड्रायव्हरला सही सक्तीची झाली. २०१६मध्ये विंडोज १०ची १६०७ आवृत्ती आली तेव्हापासून नव्या ड्रायव्हरवर खुद्द मायक्रोसॉफ्टची सही लागते. एवढं करूनही चोर शिरतातच. २०१०मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या घातक प्रोग्रॅमचे ड्रायव्हर चोरलेल्या प्रमाणपत्रांनी सही केलेले होते.

कळफलक

रात्रपाळींशी पूर्ण सहमत. मी लिहिणार होतो ते त्यांनी जास्त चांगलं लिहिलं.

तंबोरा

ताई, ध्वनिमुद्रणाचं काम थांबू नये म्हणून सुचवतो. विंडोज १०च्या १७०३ आवृत्तीपासून, म्हणजे २०१७पासून, विंडोजमध्ये यूएसबी ऑडिओ २चा स्वतःचा ड्रायव्हर असतो. बरेच इंटरफेस त्यावर चालतात. तो असिओ (आवाजातला विलंब कमी ठेवणारी ध्वनिमुद्रणाची सोय) देत नाही, पण एकट्याने वाचन मुद्रित करायला असिओची गरजही नसते.

कळफलक

तंबोरा, कल्पना छान आहे, पण यांचा इंटरफेस त्या प्रकारचा असता तर जोडल्याजोडल्या विंडोजने तो ड्रायव्हर लावला असता आणि कोड २८ दिसला नसता. काही इंटरफेसवर ‘क्लास कम्प्लायंट’ मोडचं, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या ड्रायव्हरवर चालण्याचं, बटण असतं. तसं असेल तर मात्र लगेच काम होईल. ताई, मागच्या बाजूला काही दिसतं का?

स्वरलेखा

तसं बटण नाही. पुढच्या बाजूला आवाजाचे दोन खटके आहेत, बाकी काही नाही.

ॲन्टीव्हायरसचा इतिहास पाहिला. रॅन्समवेअर संरक्षणाच्या भागात आज दुपारच्या तीन नोंदी आहेत. तिन्हींत टेम्प (तात्पुरत्या फायलींच्या) फोल्डरमधली तीच एक डीएलएल फाइल. ‘संशयास्पद वर्तन, क्वारंटाइन’ असं लिहिलं आहे. मी सेटअप तीनदा चालवला होता. म्हणजे हेच ना? आता ती परत आणू का?

रात्रपाळी

सापडलं! पण लगेच परत आणू नका. दोन गोष्टी बघायच्या आहेत. एक, हीच फाइल सेटअप पाडते आहे का. दोन, ही फाइल खरंच निर्दोष आहे का.

पहिलीसाठी विंडोज स्वतः रोजनिशी लिहून ठेवतं. सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरमध्ये आयएनएफ नावाचा फोल्डर असतो. त्यात ‘सेटअपएपीआय’ या नावाने सुरू होणाऱ्या लॉग फायली असतात. त्यातली जिच्या नावात पुढे ‘डेव्ह’ येतं ती उघडा. फाइल लांबलचक असते, घाबरू नका. सर्वांत नवीन नोंदी तळाशी असतात. प्रत्येक प्रयत्न `>>>` या खुणेने सुरू होतो आणि `<<<` या खुणेने संपतो. मध्ये ज्या ओळीच्या सुरुवातीला `!!!` दिसेल ती चूक. एकच उद्गारचिन्ह असेल तर नुसती सूचना, ती सोडून द्या. तीन उद्गारचिन्हांची ओळ इथे लिहा.

दुसरीसाठी सेटअपच्या फाइलवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, डिजिटल सिग्नेचर्स. सही कुणाच्या नावाची आहे आणि ‘ठीक आहे’ असं दिसतं का, ते बघा. मग तीच फाइल व्हायरसटोटलवर, म्हणजे अनेक ॲन्टीव्हायरस इंजिनांकडून फाइल तपासून देणाऱ्या संकेतस्थळावर, चढवा. सत्तरएक इंजिनांपैकी एखाददुसऱ्यानेच मोघम नावाने तक्रार केली तर बहुधा खोटा इशारा. दहाबारा इंजिनं एकाच जातीचं नाव घेत असतील तर तिथेच थांबा.

चक्रवात

याच विषयाशी जोडून माझंही विचारतो. पंख्यांचा वेग आणि तापमान दाखवणारा एक छोटा प्रोग्रॅम मी कितीतरी वर्षं वापरतोय. आता विंडोज डिफेंडर त्यातला विनरिंगझीरो नावाचा ड्रायव्हर उचलून क्वारंटाइनमध्ये टाकतो. हाही खोटाच इशारा ना? अपवादात घालून टाकू?

रात्रपाळी

नाही, हा खोटा इशारा नाही, आणि म्हणून वेगळं लिहितो.

विनरिंगझीरो हा उघड स्रोत असलेला जुना ड्रायव्हर. पंखे, दिवे, तापमान सांभाळणाऱ्या कितीतरी प्रोग्रॅमनी तो वापरला. त्यात खरीखुरी भेग आहे आणि २०२०च्या क्रमांकाने ती अधिकृत नोंदलेलीही आहे. साध्या प्रोग्रॅमलाही त्याच्यामार्फत हार्डवेअर आणि मेमरीपर्यंत हात घालता येतो. मार्च २०२५पासून डिफेंडर त्याला पकडू लागला. तुमच्या प्रोग्रॅमने काही वाईट केलेलं नाही, पण त्याने घराची मागची खिडकी उघडी ठेवली आहे.

अशा खिडकीतून लोक शिरतात हेही घडलं आहे. रॉबिनहूड नावाच्या रॅन्समवेअरने एका मदरबोर्ड कंपनीचा, रीतसर सही असलेला पण भेग असलेला ड्रायव्हर सोबत आणला, त्याच्या आधाराने कर्नलमध्ये शिरून सुरक्षा प्रोग्रॅम बंद पाडले आणि मग फायली कुलूपबंद केल्या. हे फेब्रुवारी २०२०मध्ये जाहीर झालं. म्हणूनच मायक्रोसॉफ्ट भेग असलेल्या ड्रायव्हरची यादी ठेवतं, आणि विंडोज ११च्या २०२२च्या अपडेटपासून ती यादी आपोआप लागू असते.

तुमच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती दुसरा ड्रायव्हर वापरते का बघा. नसेल तर पंख्यांचा वेग बायोसमधून ठरवा. अपवादात घालू नका.

चक्रवात

समजलं. माझा समज उलटा होता. नवी आवृत्ती बघतो.

साधाप्रश्न

ऑफिसच्या लॅपटॉपवर यूएसबी-सिरियल वायरचा ड्रायव्हर बसत नाही. तिथल्या सुरक्षा सॉफ्टवेअरचं बटणच मला दिसत नाही. काय करू?

कळफलक

आयटी विभागाला लिहा, दुसरा मार्ग नाही. ऑफिसच्या लॅपटॉपवर कोणती यूएसबी उपकरणं चालतील याचे नियम मध्यवर्ती ठिकाणाहून लावलेले असतात. ते वळसा घालून टाळू नका, नोकरीचा प्रश्न होईल. उपकरणाचा हार्डवेअर आयडी डिव्हाइस मॅनेजरच्या डिटेल्समधून काढून पत्रात द्या, त्यांचं काम सोपं होईल.

घरच्या संगणकावर मात्र तसल्या वायरला कोड १० आला तर ॲन्टीव्हायरसला दोष देण्याआधी चिप बघा. या वायरींमध्ये नकली चिपा फार. कंपन्यांचे नवे ड्रायव्हर नकली किंवा फार जुनी चिप ओळखून चालायचं नाकारतात. २०१४मध्ये तर एफटीडीआय या चिप कंपनीच्या ड्रायव्हरने नकली चिपांचा ओळख क्रमांकच शून्य करून टाकला होता आणि त्या वायरी संगणकाला ओळखू येईनाशा झाल्या होत्या.

स्वरलेखा

लॉग उघडली. तळाच्या भागात `!!!` असलेल्या दोन ओळी आहेत. पहिलीत त्याच डीएलएलचं नाव आणि ‘सांगितलेली फाइल सापडत नाही’ अशा अर्थाचं वाक्य. दुसरीत पॅकेज आत घेता आलं नाही असं काहीतरी.

सेटअपवर कंपनीच्याच नावाची सही आहे, ठीक आहे असं दिसतं. व्हायरसटोटलवर फक्त एका इंजिनाने तक्रार केली, तीही ‘संशयास्पद’ एवढीच.

रात्रपाळी

आता चित्र पूर्ण झालं. काय होत होतं ते सांगतो, म्हणजे पुढची पायरी का करायची ते कळेल.

ड्रायव्हरच्या पॅकेजमध्ये मुख्य तीन प्रकारच्या फायली असतात. आयएनएफ ही सूचनांची यादी: कोणती फाइल कुठे ठेवायची. एसवायएस हा खरा ड्रायव्हर. आणि कॅट ही सही केलेली हजेरी, जिच्यात प्रत्येक फाइलचा ठसा नोंदलेला असतो. विंडोज पॅकेज आत घेताना हजेरी घेतं. एक फाइल गैरहजर असली किंवा एका अक्षराने बदललेली असली तरी सगळं पॅकेज परत. तुमचा सेटअप टेम्पमध्ये फायली उलगडत होता, रॅन्समवेअर संरक्षण त्यातली डीएलएल उचलून नेत होतं, आणि विंडोजला हजेरीत एक जण कमी पडत होता. सेटअप बिचारा मागे फिरत होता.

आता असं करा. इंटरनेट जोडलेलं राहू दे. एक नवा रिकामा फोल्डर तयार करा, उदाहरणार्थ सी ड्राइव्हवर ‘ड्रायव्हर’ नावाचा. ॲन्टीव्हायरसच्या अपवादांत फक्त तोच फोल्डर घाला. संपूर्ण टेम्प किंवा संपूर्ण सी ड्राइव्ह अजिबात नको, कारण व्हायरसांची उतरायची आवडती जागा टेम्पच असते. सेव्हन-झिप या फायली उलगडणाऱ्या प्रोग्रॅमने सेटअपची फाइल त्या फोल्डरमध्ये उलगडा. बरेच सेटअप उलगडतात, काही उलगडत नाहीत. उलगडला तर आत आयएनएफ शोधा, उजवी क्लिक, ‘शो मोअर ऑप्शन्स’, ‘इन्स्टॉल’. सेटअपचं वेष्टन बाजूला ठेवून विंडोज थेट पॅकेज घेईल.

काम झालं की अपवाद काढून टाका. हे विसरू नका, लोक इथेच विसरतात.

पायवाट

मी इथे फक्त वाचक असतो, पण एक लिहावंसं वाटलं. दोन वर्षांपूर्वी छायाचित्रांच्या स्कॅनरचा ड्रायव्हर असाच बसत नव्हता. मी शोधयंत्रात नाव टाकलं आणि सगळ्यात वर आलेल्या ‘सगळे ड्रायव्हर आपोआप’ म्हणणाऱ्या एका संकेतस्थळावरून प्रोग्रॅम उतरवला. त्यानेच सांगितलं की आधी ॲन्टीव्हायरस बंद करा. मी केला. आठवडाभरात ईमेल खात्यातून ओळखीच्यांना भलतेच निरोप जायला लागले. आईच्या तरुणपणीचे फोटो स्कॅन करायचे होते म्हणून घाई झाली होती. ड्रायव्हर उपकरणाच्या कंपनीकडून किंवा विंडोज अपडेटच्या ऐच्छिक यादीतूनच घ्या. सुरक्षा बंद करायला सांगणारं पान दिसलं की ते पान बंद करा.

रात्रपाळी

पायवाट, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. पासवर्ड बदलले असतीलच. दुसऱ्या, स्वच्छ संगणकावरून बदलले होते ना? त्याच संगणकावरून बदलले असतील तर पुन्हा बदला.

पायवाट

त्याच संगणकावरून बदलले होते. आज रात्रीच पुन्हा बदलतो.

उबंटूप्रेमी

लिनक्सवाल्यांसाठी छोटी नोंद. सिक्युअर बूट चालू असताना एनव्हिडियाचा ड्रायव्हर बसवला आणि ‘की नाकारली’ असा संदेश आला, तर ॲन्टीव्हायरसचा काही संबंध नाही. बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात. पुढच्या रिस्टार्टला निळा पडदा येतो, तिथे ‘एनरोल मॉक’ (संगणकाच्या मालकाची सहीची की नोंदवणे) निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. तो पडदा काही सेकंदच थांबतो. लोक घाईत पुढे जातात आणि मग ड्रायव्हर चढत नाही. मॉकयुटिल या आज्ञेने की पुन्हा नोंदवायला टाका.

स्वरलेखा

फोल्डर केला, अपवाद घातला, सेव्हन-झिपने उलगडलं. आयएनएफ सापडली आणि ‘यशस्वी’ असं आलं! पण आनंद दोन मिनिटं टिकला. इंटरफेसचा दिवा लागला नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये आता कोड ३९. आणि कोपऱ्यात ‘या उपकरणावर ड्रायव्हर चढू शकत नाही’ अशा अर्थाची एक चौकट आली. पुन्हा ॲन्टीव्हायरस का?

कळफलक

नाही ताई, पहिलं दार उघडलं, हे दुसरं. आणि इथला राखणदार वेगळा आहे.

विंडोज सिक्युरिटी उघडा, डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशन. तिथे ‘मेमरी इंटिग्रिटी’ चालू दिसेल. नव्या विंडोज ११ लॅपटॉपवर ती सहसा आधीपासून चालू असते, तुमच्या जुन्या संगणकावर नसावी, म्हणून तोच ड्रायव्हर तिथे वर्षानुवर्षं चालला. तिचा नियम असा की कर्नलमधल्या मेमरीचा एखादा तुकडा एकाच वेळी लिहिता येण्याजोगा आणि चालवता येण्याजोगा असू शकत नाही. जुने ड्रायव्हर हे सर्रास करायचे. त्यात दुष्टपणा नसतो, तेव्हाची पद्धतच तशी होती.

खात्री करायची असेल तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये मायक्रोसॉफ्ट, विंडोज, कोड इंटिग्रिटी, ऑपरेशनल इथे ३०८७ क्रमांकाची नोंद शोधा.

झटपट

मग मेमरी इंटिग्रिटी बंद करा, रिस्टार्ट करा, झालं. हे तरी चालेल ना?

कळफलक

चालेल, आणि परीक्षा उद्यावर असती तर मीही काही दिवसांसाठी तेच सांगितलं असतं, पुन्हा चालू करायची तारीख लिहून ठेवून. पण आधी नवा ड्रायव्हर आहे का ते बघू. ताई, उतरवलेल्या ड्रायव्हरची तारीख काय आहे?

स्वरलेखा

आयएनएफच्या आत २०१७ लिहिलं आहे. कंपनीच्या पानावर शोधलं तर माझ्या मॉडेलचं दुसरं, ‘द्वितीय पिढी’ असं पान निघालं. इंटरफेसच्या तळाशी तेच छापलेलं आहे! मी पहिल्या पिढीच्या पानावरून घेत होते. दुसऱ्या पानावर २०२३चा ड्रायव्हर आहे, विंडोज ११ असं लिहिलेला.

कळफलक

मग तोच. पण आधी जुना काढा: डिव्हाइस मॅनेजरमध्ये उजवी क्लिक, अनइन्स्टॉल, आणि ‘ड्रायव्हरही काढून टाका’ या चौकोनात खूण. ती खूण राहिली तर विंडोज पुन्हा जुनाच लावू शकतं. मग रिस्टार्ट, मग नवा सेटअप.

मध्यरेषा

हे सगळं वाचून वाटतं की सुरक्षा कंपन्यांना कर्नलमध्ये जागाच का द्यावी? १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर गेले.

रात्रपाळी

रास्त प्रश्न आहे. त्या घटनेनंतर मायक्रोसॉफ्टनेही सुरक्षा प्रोग्रॅम कर्नलबाहेर चालवता यावेत म्हणून काम सुरू केलं. सामान्य घरच्या वापरासाठी माझं मत स्पष्ट आहे: एका संगणकावर एकच ॲन्टीव्हायरस, आणि विंडोजचा स्वतःचा पुरेसा आहे. दुसरा काढायचा असेल तर नुसता अनइन्स्टॉल करू नका, त्या कंपनीचं स्वतःचं सफाई साधन वापरा. फिल्टर ड्रायव्हर मागे राहिला तर इंटरनेट किंवा यूएसबी अडखळत राहतं. तो गेला की डिफेंडर आपोआप चालू होतो.

स्वरलेखा

झालं!! नव्या सेटअपला ॲन्टीव्हायरसनेही हात लावला नाही. हिरवा दिवा लागला, कोड नाही, मेमरी इंटिग्रिटी चालूच आहे. सी ड्राइव्हवरचा फोल्डर पुसला आणि अपवाद काढला. जुन्या सेटअपमधली ती डीएलएल फाइल ॲन्टीव्हायरसच्या कंपनीला ‘खोटा इशारा’ म्हणून त्यांच्या अर्जातून पाठवली आहे, म्हणजे पहिल्या पिढीचा इंटरफेस असलेल्या कुणाला तरी उपयोग होईल.

इतिहासाचं अकरावं प्रकरण आत्ता वाचून संपवलं. बारावं उद्या सकाळी.